पुरेशी संधी देऊनही

"भाऊ, तुमास्नी वाचाय येतंय का?" असं त्या बाईनं विचारलं तेव्हा नारायणरावांना आधी हसू आलं. ज्या माणसानं महसूल खात्यात बत्तीस वर्षं नुसतं लिहिण्यावर काढली, ज्याच्या मसुद्यावर चार चार प्रांतसाहेबांनी डोळे झाकून सही ठोकली, त्याला हे विचारायचं म्हणजे कमालच झाली. पण बाईचा तरी काय दोष? सांगलीला विजयनगरच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर मांडीवर फाईल घेऊन बसलेला माणूस पक्षकार आहे की कारकून, हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं. बाई साठीच्या पुढची, हिरवं लुगडं, कपाळाला भंडाऱ्याचं बोट, हातात वायरची पिशवी. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक नक्कल काढली आणि त्यांच्यापुढं धरली. नारायणरावांनी चष्मा चढवला, पहिली ओळ पाहिली आणि ओळखली. आदेश त्यांच्याच प्रांत कचेरीचा होता. सही साहेबांची, पण मसुदा शब्दन् शब्द त्यांचा. त्याचीच मूळ फाईल मांडीवर घेऊन ते आज जिल्ह्याच्या पूर्वेकडून एस.टी.नं इथं आले होते, कारण त्या आदेशावर वरच्या कचेरीत अपील झालं होतं. म्हणजे ही शेजारी बसलेली बाई तानुबाई बिराप्पा कोळेकर, राहणार हिवरदरा. तिचं नाव त्यांनी या फाईलीत चाळीस वेळा तरी लिहिलं असेल. बाईला बघत होते ते आज.

चष्मा बदललाय, नीट दिसत नाही, असं सांगून कागद परत देता आला असता. त्यांनी दिला नाही. का दिला नाही, हे पुढं कितीतरी दिवस ते स्वतःला विचारत राहिले, आणि उत्तर काही फार देखणं नव्हतं: आपला मसुदा वाचायला त्यांना आवडत असे. मग त्यांनी वाचला. आणि वाचला तोही कसा, तर शाळेत कविता म्हणतात तसा, थांबायच्या जागी थांबून, वजन द्यायच्या शब्दावर वजन देऊन. "सबब, जाबदार तानुबाई बिराप्पा कोळेकर यांना विहित रीतीने नोटीस बजावून व पुरेशी संधी देऊनही त्या गैरहजर राहिल्या, यास्तव त्यांना काही म्हणणे मांडावयाचे नाही असे गृहीत धरून, अपील मान्य करण्यात येत आहे व जाबदार यांचे नाव अधिकार अभिलेखातून कमी करण्यात येत आहे." बाईनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "झ्याक लिवलंय. कुनी लिवलं आसंल ती आसूदे, पर लय झ्याक लिवलंय. आयकताना मला सोताला वाटाय लागलं का तानुबाईचंच चुकलं." नारायणरावांच्या छातीत खरंच काहीतरी फुललं. बत्तीस वर्षांत कुणी त्यांच्या वाक्याला चांगलं म्हटलं नव्हतं. साहेब लोक सही करतात, म्हणत काही नाहीत. तेवढ्यात बाईनं कागद परत घेतला, घडीवर घडी घातली आणि अगदी साध्या आवाजात पुढं बोलली, "पर खरं न्हाई त्ये, भाऊ." शिपायानं येऊन सांगितलं की अपर जिल्हाधिकारी मॅडम मीटिंगला गेल्यात, पंधरा दिवसांची तारीख पडली. बाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून जिना उतरली आणि गेली. नारायणराव मात्र बाकावर बसून राहिले, आणि मिरजेकडं जाणारी त्यांची एस.टी. चुकली.

प्रकरण तसं साधं होतं. हिवरदऱ्याला तानुबाईच्या नवऱ्याची, बिराप्पाची, जमीन. तो गेला, वारस म्हणून तानुबाईचं नाव लागलं. दीर आप्पासो म्हणाला, वहिनीनं आपला हक्क सोडलाय, तिचं नाव काढा. मंडल अधिकाऱ्यानं नाही म्हटलं. आप्पासो प्रांताकडं अपिलात गेला आणि तिथं जिंकला. आता तानुबाई त्याच्याही वर, अपर जिल्हाधिकाऱ्यांकडं आलेली. खात्याची शिडीच अशी आहे. तलाठ्यानं नोंद धरायची, मंडल अधिकाऱ्यानं निर्णय द्यायचा, तो पटला नाही तर प्रांत, प्रांत पटला नाही तर अपर जिल्हाधिकारी, पुढं पुण्याला आयुक्त, त्याच्याही पुढं मुंबईला मंत्री. प्रत्येक पायरीला दिवस मोजून दिलेले. साठ दिवसांत चढलात तर चढलात, नाहीतर आधी उशीर का झाला ते सांगा. निकालाचा पत्ताच उशिरा लागल्यानं तानुबाईला एक वर्ष चार महिने उशीर झालेला होता. आणि या शिडीवर नारायणरावांचा एक स्वतःचा, कुणाला न सांगितलेला विक्रम होता: त्यांनी मसुदा केलेला एकही आदेश वर जाऊन आजवर उलटला नव्हता. एकशे त्र्याऐंशी अपिलं. साहेब बदलले, सरकारं बदलली, टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण वरच्या कचेरीतून फाईल परत आली की शेवटी तीच ओळ, "हस्तक्षेप करण्याचे कारण दिसून येत नाही." ही ओळ वाचली की ते त्या दिवशी घरी जाताना भडंग घेऊन जात. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि निरोप समारंभात कुणीतरी हे बोलावं, अशी त्यांची फार इच्छा होती. पण बोलणार कोण? माहीत फक्त त्यांनाच होतं.

आणि फाईलीत ती चिठ्ठी होती. चतकोर कागद, तलाठ्याच्या तिरक्या अक्षरातला, पंचनाम्याच्या मागं टाचणीनं लावलेला. "सदर कुटुंब कार्तिकापासून मेंढरांसह कोकणात गेले असून जूनमध्ये परत येईल असे शेजारी भामाबाई यांनी सांगितले. घर बंद." नोटीस दारावर चिकटवली ती माघात. म्हणजे ज्या दारामागं तीन महिने कुणी नव्हतं आणि आणखी चार महिने कुणी येणार नव्हतं, त्या दाराला सरकारनं कागद लावला आणि सांगितलं, या आणि बोला. नारायणरावांनी ती चिठ्ठी तेव्हा वाचली होती. हे त्यांना लख्ख आठवत होतं, कारण वाचताना चहा आला होता आणि कपाची ओली कड त्या कागदावर उमटली होती, ती अजून तिथं होती. चिठ्ठी वाचून त्यांनी पान उलटलं आणि लिहिलं, "विहित रीतीने बजावणी पूर्ण." मार्चअखेर होती, निकाली प्रकरणांचा तक्ता वर पाठवायचा होता, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. खरं हे होतं की चिठ्ठी विचारात घेतली असती तर वाक्य मोडलं असतं. "पुरेशी संधी देऊनही" हे शब्द लिहिताच आले नसते. मग आदेशाला ती धार आली नसती, ते गुळगुळीतपण आलं नसतं. लाच नाही, दडपण नाही, ओळख नाही, वैर नाही. नुसत्या एका वाक्याच्या मोहानं त्यांनी एका बाईला तिच्या जमिनीवरून खाली उतरवलं होतं. आणि चिठ्ठीला पान नंबर घातला नव्हता. खात्यात ज्या पानाला नंबर नाही ते पान नाहीच. पुढच्या तारखेला वर सादर करण्याआधी पूर्ण फाईल लाल शाईनं नंबर घालून द्यायची होती, आणि ते काम त्यांचंच होतं. टाचणी काढली की झालं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

बाप शब्द मनात आला आणि त्या रात्री घरी नारायणराव जेवता जेवता थांबले. त्यांचे वडील मेढ्याच्या बाजूला शाळामास्तर होते, मराठीचे. एका पावसाळ्यात ओढा चढला, पलीकडच्या वस्तीची पोरं आठ दिवस येईनात, तेव्हा मास्तर स्वतः वळसा घालून पलीकडं गेले आणि तिथल्या देवळात वर्ग भरवायला लागले. नेमकी तेव्हाच तपासणी आली. शाळेला कुलूप. प्रतिकूल शेरा बसला आणि बदली झाली ती थेट कोयनानगरच्या पुढं, जिथं आठवड्यातून दोनदा तरी फडताळातली भांडी आपोआप वाजायची आणि आई देवापुढं हात जोडायची. नारायण भूकंपाच्या सालातला, तेव्हा दहा वर्षांचा. मास्तरांनी अपील केलं. मग त्याच्यावर अपील. मग त्याच्याही वर. चढतच गेले. प्रत्येक वेळी सात आठ महिन्यांनी तांबूस लिफाफा येई आणि मास्तर दारात उभे राहून तो मोठ्यानं वाचत. "पुरेशी संधी देऊनही सदर शिक्षकांनी समाधानकारक खुलासा केला नाही, सबब..." त्यांना एकदाही कुणी बोलावलं नव्हतं. संधी कसली, साधं पोस्टकार्ड आलं नव्हतं. पण चौथ्या वेळी वाचून झाल्यावर मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा एकदा वाचला आणि पोराला म्हणाले, "नाऱ्या, वाक्य बघ कसं ठाशीव आहे. कुठं बोट शिरायला फट नाही." पोरानं ते पाठ केलं. शाळेतल्या कवितांबरोबर तेही पाठ झालं. आणि पुढं नोकरीत पहिला मसुदा करायला बसला तेव्हा ते आपोआप बोटांत आलं. नारायणरावांना आजवर वाटत होतं की हे वाक्य आपलं आहे. आपली कमाई आहे. ज्यांनी वडिलांना हरवलं त्यांच्या घरचं ते उष्टं होतं, आणि आपण बत्तीस वर्षं ते मिरवत आलो. एकशे त्र्याऐंशी. त्यातले मास्तर किती असतील?

"तिसऱ्यांदा मीठ मागितलंत आणि एकदाही घातलं नाहीत," अनसूयाबाई म्हणाल्या. बायको म्हणून त्यांनी या माणसाच्या फार चौकशा कधी केल्या नव्हत्या, पण ताटावर लक्ष असे. "काय झालंय?" नारायणरावांनी सांगितलं. सगळं सांगितलं, मास्तरांचं सोडून. अनसूयाबाईंनी ऐकून घेतलं आणि भाताचं भांडं पुढं सरकवलं. "मग घाला की नंबर. त्यात एवढं काय?"

"इतकं सोपं नाही ते. आदेश उलटेल."

"उलटू दे. तुमचं नाव कुठं आहे त्याच्यावर? सही तर साहेबांची."

"तेच तर," नारायणराव म्हणाले. नाव नव्हतं म्हणूनच तर तो इतका आपला होता. नाव असतं तर लोकांनी वाटून घेतला असता, कुणी शिव्या दिल्या असत्या, कुणी हार घातला असता. हा अभिमान त्यांनी एकट्यानं, कपाटात ठेवलेल्या रेशमी शालीसारखा जपला होता, ना कधी पांघरली, ना कुणाला दाखवली. अनसूयाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "बाई कशी आहे हो दिसायला?" आणि नारायणरावांच्या लक्षात आलं की आपण तिचे पाय पाहिले होते. बाकाखाली ओढून घेतलेले, टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. हे पाय त्यांनी आधी पाहिले होते. म्हणजे तिचे नव्हेत, पण असलेच. कोयनानगरला दिवाळी झाली की घाटाच्या रस्त्यावर मेंढरांचे कळप उतरायला लागत, एकामागून एक, घोड्यावर संसार बांधलेला, वर कोंबड्या, वर एखादं तान्हं. एस.टी. अर्धा अर्धा तास थांबून राही. मास्तरांचा पोरगा दगडावर बसून बघत असे. आणि मृगाच्या आधी तेच कळप वर येत. कार्तिकात खाली, मृगाआधी वर. हे त्याला दहाव्या वर्षी माहीत होतं. तेव्हा माघात हिवरदऱ्याच्या त्या दारामागं कोण असणार, हे कळायला नारायणरावांना तलाठ्याच्या चिठ्ठीची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कचेरी जेवायला गेलेली असताना, त्यांनी फाईल समोर घेतली. आधी वाटलं, चिठ्ठीला बावीस-अ असा नंबर घालावा. मग तो विचार त्यांना स्वतःलाच पटला नाही. अ, ब लावलं की कागद मागून घुसवल्यासारखा दिसतो आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो. काम करायचं तर चोख करायचं. त्यांनी बावीसनंतरची सगळी पानं घेतली, जुना पेन्सिलीतला आकडा खोडरबरानं पुसला आणि लाल शाईनं नवा घातला. चिठ्ठी तेवीस. पुढचं चोवीस. असं करत एकसष्ट पानांची फाईल बासष्ट पानांची झाली. अनुक्रमणिकेत त्यांनी लिहिलं, "पान २३: तलाठी यांची चिठ्ठी, जाबदार कुटुंब नोटीस बजावणीच्या काळात गावी नसल्याबाबत." लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. वाक्याला धार नव्हती, ठेका नव्हता. पण त्यातही बोट शिरायला कुठं फट नव्हती, हे पाहून त्यांना जरा बरं वाटलं. मग ते फाईल घेऊन साहेबांकडं गेले. प्रांतसाहेब राजवर्धन वयानं तिशीचे, वर्षभरापूर्वी आलेले, हा आदेश त्यांच्या आधीच्या साहेबांच्या काळातला. त्यांनी पान तेवीस वाचलं, मान वर केली. "भाऊसाहेब, हे आपल्याच आदेशाच्या विरोधात जाईल."

"जाईल, साहेब."

"आकडे पुसून नवे घातलेले दिसतायत. मग आधी या पानाला नंबर का नव्हता?"

"मी घातला नव्हता."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. नारायणराव उभेच होते आणि आपण ताठ उभे आहोत याचं त्यांना नवल वाटत होतं, कारण गेल्या काही वर्षांत कंबर धरायची. "तुम्हाला खुलासा द्यावा लागेल, कळतंय ना? निवृत्तीच्या तोंडावर." "लिहून आणलाय," म्हणत नारायणरावांनी खिशातून कागद काढला. साहेबांनी तो वाचला, बराच वेळ वाचला, आणि फाईलीवर लिहिलं, "पाठवा."

तारखेच्या दिवशी बोर्डावर तिसरं नाव तानुबाईचं होतं. आप्पासो कोळेकर इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला पटका घालून वकिलासह आलेला. तानुबाई एकटीच. मॅडमनी विचारलं, वकील कुठाय? ती म्हणाली, "वकील कशाला? झालंय ती माझ्यासंगं झालंय." मग मॅडमनी उशिराचं विचारलं, आणि बाई बोलायला लागली. नारायणराव मागच्या खुर्चीत फाईल धरून ऐकत होते. पक्षकार असं बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्यांच्यापर्यंत बोलणं यायचं ते कागदावर, 'अर्जदार यांचे कथन की' असं होऊन. "आमी कार्तिकात मेंढरं घिऊन कोयनंच्या घाटानं खाली उतारतो. मिरगाच्या आदी माघारी. आमच्या सासूच्या सासऱ्यापास्नं हीच वाट. माघारी आलो तवा दाराव कायतरी चिकाटलेलं हुतं, उनानं पिवळं पडल्यालं. आमच्यात सात म्हयन्यानं घरला आल्याव पयलं दार धुत्यात, भंडारा लावत्यात, बिरदेवाचं नाव घेत्यात, मंगच आत पाय. म्या दार धुतलं. कागद बी धुतला. मतदानाच्या टायमाला बी आसलंच चिकटवत्यात, मला वाटलं त्येच हाय. लय घट्ट चिकटवलं हुतं, मॅडम, नखानं काढाय लागलं." मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. आप्पासोही हसला. त्याचा वकील मात्र हसला नाही, तो उठला. "नोंद घ्यावी, मॅडम. नोटीस दारावर होती हे अपीलदार स्वतः कबूल करतायत. ती त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. परत आल्यावर तरी त्यांना कळायला हवं होतं. उशीर माफ करायचं कारणच नाही." तानुबाईनं वकिलाकडं बघितलं, मग मॅडमकडं. आपण खरं बोललो आणि तेच आपल्या गळ्यात आलं, एवढं तिला समजलं असावं. तिचे हात पिशवीच्या बंदावर घट्ट झाले. पण खाली काही बघितलं नाही बाईनं. नारायणरावांना ती मान दिसत होती, ताठ.

"मूळ संचिका कोणी आणली आहे?" मॅडमनी विचारलं. नारायणराव उठले, फाईल पुढं ठेवली. मॅडम पानं उलटत गेल्या. बावीस, पंचनामा. तेवीस. तिथं थांबल्या, चतकोर कागद वाचला, चहाची कड पाहिली असेल नसेल. "ही चिठ्ठी नोटीस बजावण्याच्या दिवसाचीच आहे. आदेशात हिचा उल्लेख कसा नाही?" नारायणरावांच्या तोंडाशी तीन उत्तरं आली. तिन्ही खात्यातली, झिजून झिजून गुळगुळीत झालेली. नजरचुकीने. अनवधानाने. तत्कालीन अधिकाऱ्यांच्या स्तरावर. त्यांनी ती गिळली. "आदेशाचा मसुदा मी केला, मॅडम. चिठ्ठी मी वाचली होती."

"मग?"

"ती घेतली असती तर 'पुरेशी संधी देऊनही' असं लिहिता आलं नसतं. ते वाक्य मला हवं होतं. म्हणून मी ती घेतली नाही. बाईंना संधी दिलीच नव्हती. कुटुंब घरी नाही हे आम्हाला माहीत होतं, आणि ते कधी येणार हेही माहीत होतं." वकील उठायला लागला आणि परत बसला. तानुबाईनं हळूच मान वळवली आणि नारायणरावांकडं पाहिलं, आधी चेहऱ्याकडं, मग चष्म्याकडं, मग परत चेहऱ्याकडं. नारायणरावांना भीती वाटायला हवी होती. लाज तर वाटत होतीच, कान तापले होते. पण त्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, त्यांना मास्तरांचा पोरगा असल्याचा अभिमान वाटला, असा आणि इतका, की डोळ्यांत पाणी येईल म्हणून त्यांनी खिडकीकडं बघितलं. असं एक माणूस वडिलांच्या वेळी त्या कुठल्या तरी खोलीत उठून बोललं असतं तर? एकच माणूस लागतं. मॅडम लघुलेखकाला सांगत होत्या, सावकाश: विलंब माफ. प्रांतांचा आदेश रद्द. अपीलदार बाईंना प्रत्यक्ष ऐकून घेऊन नव्याने निर्णय घ्यावा, तोवर नाव कायम ठेवावे. एकशे चौऱ्याऐंशीवं अपील. उलटलं.

बाहेर बाकाजवळ तानुबाई त्यांची वाट बघत उभी होती. शिव्या देईल असं त्यांना वाटलं, आणि दिल्या असत्या तर त्यांनी ऐकून घेतल्या असत्या. "म्हंजी त्या दिशी तुमी तुमचंच वाचून दावलंसा व्हय मला?" ती म्हणाली.

"व्हय, मावशी."

"तरीच. लय ठेक्यात वाचत हुतासा." आणि ती हसली, दात दिसतील इतकी. मग पुन्हा गंभीर झाली. "जितलो का आमी?"

"अर्धं. तुमचं नाव आहे तसं राहिलं. पण निकाल परत व्हायचा. आता तुमचं ऐकून घ्यायचं आणि मग ठरवायचं."

"कोन ऐकनार?"

"आम्हीच. आमचे प्रांतसाहेब."

"आगं आई. मंग मला येवढं वर कशाला चढीवलं? तितंच ऐकला आसता की."

नारायणरावांनी पिशवीतून कचेरीची तारखांची डायरी काढली, पेन उघडलं आणि सवयीनं पुढचा महिना चाळायला लागले. कुठला सोमवार मोकळा, कुठला बुधवार. बत्तीस वर्षं ते अशाच तारखा घालत आले होते, आणि लोक त्या तारखांना यायचे किंवा यायचे नाहीत. हात थांबला. त्यांनी डायरी तिच्याकडं फिरवली. "मावशी, तुम्ही सांगा. तुम्हाला कधी जमतंय?"

तानुबाईला आधी कळलंच नाही. "मला इचारता?"

"तुम्हालाच. मेंढरं कधी निघायची?"

मग मात्र बाई बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळायची, त्याच्या पाचव्या दिशी निघायचं. त्याच्या आदी लोकर कातरायची. गौरी गणपतीत न्हाई जमायचं, लेकी येत्यात. शुक्रवारी बाजार. पितरात नको, चांगल्या कामाला पितर कशाला. नवरातीच्या आदी एखादा दिस काढाय पायजे, पर पितराच्या आदी. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं, ओठ हलवत, घाई न करता, आणि सरकारचा माणूस पेन उघडं धरून थांबला. बाजूनं वकील गेले, फायली गेल्या, आप्पासो पटका सावरत गेला. ती मोजतच होती. नारायणरावांना एस.टी.ची घाई नव्हती.

"पुनवंच्या आदला मंगळवार," ती शेवटी म्हणाली. "सकाळचं. आकरा वाजता."

त्यांनी लिहिलं. तिनं वाकून पाहिलं, आकडे तिला वाचता येत होते. "मंगळवार हाय न्हवं? आकरा?" "हाय. अकरा." ती उठली, लुगड्याचा पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि जिन्याकडं निघाली. दोन पायऱ्या उतरली असेल तेवढ्यात तिला गावाकडून फोन आला, आणि डोंगरावर मेंढरांना हाका घालणारा तिचा आवाज कचेरीच्या दोन्ही मजल्यांवर ऐकू गेला. "व्हय रं धनाजी. व्हय, झालं. नाव ऱ्हायलं. पुनवंच्या आदल्या मंगळवारी जायाचंय बोलाय. न्हाई, न्हाई. त्येंनी न्हाई दिली तारीख. म्या दिली."